उजव्या डोळ्यात फूल

१

‘उजव्या डोळ्यात फूल’ असं मी केसपेपरवर लिहिलं आणि डॉक्टरांनी मला सगळ्यांदेखत झापलं.

बावीस वर्षं मी या डोळ्यांच्या दवाखान्यात तपासनीस आहे. पेशंट आधी माझ्या हाताखालून जातो, मग डॉक्टरांकडे. अक्षरांचा तक्ता वाचून घ्यायचा, तक्रार लिहायची, थेंब टाकायचे आणि बाहेर हॉलमधल्या खुर्चीवर बसवायचं. थेंबांनी डोळ्याची बाहुली मोठी व्हायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ माणसाला जवळचं काही धड दिसत नाही. मोबाइल नाही, पेपर नाही. समोरच्या भिंतीवर फुलांचं एक मोठं चित्र आहे, ते बघत सगळे बसतात. दुसरं करणार काय? पाऊण तासानं मी परत विचारते, काही होतंय का, आणि आत पाठवते.

त्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “नाही हो. फूल तेवढं आहे एक, उजवीकडे.” मी घाईत होते. लिहून टाकलं.

आता डोळ्यात फूल पडणं म्हणजे बुबुळावर पांढरा डाग पडणं. नाव गोड आहे, पण त्या फुलानं माणसाची नजर जाते. डॉक्टरांनी दहा मिनिटं शोधलं आणि मग मला हाक मारली.

“बाई, हे बुबुळ लख्ख आहे. फूल कुठंय? तुमच्या चष्म्यावर?”

“अहो, डोळ्यात नाही,” शिक्षिका ओशाळून म्हणाल्या. “चित्रात. उजवीकडे खाली एकटंच आहे बघा, ते. फार सुरेख आहे, असं सांगत होते मी यांना.”

सगळे हसले. मीही हसले, न हसून जाते कुठे! जेवणाच्या सुट्टीत हात पुसत चित्रासमोर गेले आणि उजवीकडे खाली बघितलं. तिथे फूलबिल काही नव्हतं. तिथे नुसता तपकिरी रंग आहे, पहिल्यापासून.

२

चित्राबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच. डॉक्टरांच्या वडिलांनी ते कुठूनतरी आणलं. काढणारा प्रतीकवादी चित्रकार होता म्हणे. एकदा मी विचारलं, प्रतीकवादी म्हणजे काय हो? डॉक्टर म्हणाले, “जे दिसतं ते काढायचं नाही. जे जाणवतं ते काढायचं.” मी म्हटलं, मग दवाखान्यात कशाला टांगलंय? आपल्याकडे जे दिसतं त्याचेच नंबर लागतात.

तळाशी एक फुलदाणी आहे, तीही धड नाही, धुरात हरवलेली. फुलं तिच्यातून वर आल्यासारखी वाटतात, पण नीट बघितलं तर देठ खालपर्यंत पोचतच नाहीत. फुलं हवेतच आहेत. लाल आहेत, केशरी आहेत, एक निळं तर असं आहे की कुठल्या बागेत उगवायचं नाही. काही फुलं आहेत की फुलपाखरं, हे मला बावीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. पेशंट म्हणतात, बघता बघता झोप लागल्यासारखं होतं. सगळी मिळून एकोणीस आहेत. चौकट रोज मीच पुसते, त्यामुळे मोजून झालीयत.

३

एखादी गोष्ट सोडून देणं मला जमत नाही. आई म्हणायची, ही पोरगी नाही, खरूज आहे. पुढचे पंधरा दिवस मी थेंब टाकलेल्या प्रत्येकाला विचारलं, चित्रात उजवीकडे खाली काय दिसतं? बहुतेक म्हणाले, काही नाही. पाच जण म्हणाले, फूल. पाचही जणांनी बोट एकाच जागी ठेवलं. रंग मात्र पाचांनी पाच सांगितले.

मी मनाशी म्हटलं, सोपं आहे. बाहुली मोठी, उजेड जास्त, भडक लाल रंगावर नजर खिळलेली. नजर बाजूला नेली की ठिपका दिसणारच. यात नवल ते काय! त्या पाचांमध्ये एक ट्रकचालक होते. त्यांची फील्डची तपासणी होती, ती मी करायला घेतली.

ही तपासणी म्हणजे पांढऱ्या वाडग्यासारखं एक मोठं यंत्र. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा, दुसरा मधल्या दिव्यावर रोखायचा. आजूबाजूला बारीक उजेडाचे ठिपके लागतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मग यंत्रातून कागद निघतो. जिथे दिसत नाही तिथे त्यावर काळं येतं. वाडग्यात बाकी काही म्हणजे काही नसतं.

पाच मिनिटं झाली आणि ट्रकचालक म्हणाले, “बाई, या खुर्च्या इथे कशाला ठेवल्यात?”

“कुठल्या खुर्च्या?”

“या काय, उजवीकडे खाली. एका ओळीत आहेत. वरून दिसताहेत. तिसरीवर कुणाचीतरी हिरवी पिशवी आहे.”

मी दार उघडून हॉलमध्ये बघितलं. तिसऱ्या खुर्चीवर एक आजी येऊन बसत होत्या आणि आपली हिरवी पिशवी उचलून मांडीवर घेत होत्या. आत येऊन मी सहज विचारावं तसं विचारलं, “पिशवी आहे अजून?”

“उचलली आत्ता म्हातारीनं,” ते म्हणाले आणि पुढचा ठिपका दिसला म्हणून बटण दाबलं.

सगळे गेल्यावर, भर दुपारी, मी स्टुलावर चढले आणि चित्राला पाठ लावून उभी राहिले. तिथून खुर्च्यांची ओळ वरून दिसते. उजवीकडे, खाली.

४

आता छोटीचं सांगितलं पाहिजे. छोटी माझी धाकटी बहीण. सेहेचाळीस वर्षांची आहे, पण छोटीच. आम्ही दोघीच एकत्र राहतो. ती भरतकाम करते, आणि असं करते की कापडाची उलटी बाजूही कुणाला दाखवावी. हे सगळं एका डोळ्यावर. डावा डोळा ती सात वर्षांची असताना गेला, झोपाळ्यावरून पडून. झोपाळा मी ढकलला होता. तिनं त्यावरून मला कधी एक शब्द ऐकवला नाही. आईनं ऐकवायचे तेवढे ऐकवले.

लोक विचारतात, तुम्ही या कामात कशा आलात? मी सांगते, मिळालं म्हणून. खरं कारण तिचा उजवा डोळा आहे. तो जाऊ द्यायचा नाही, हे मी बारा वर्षांची असताना ठरवलंय. दर महिन्याला मी तिला तपासणीला बोलावते आणि ती कुरकुरत का होईना, येते.

त्या बुधवारी तिला थेंब टाकले आणि मी कामाला लागले. अर्ध्या तासानं बाहेर आले तर बाईसाहेब खुर्ची ओढून चित्राच्या पुढ्यात बसल्या होत्या, नाक टेकेल इतक्या जवळ. मांडीवर रेशमाच्या लडींचा डबा. एकेक लडी काढायची, चित्रापाशी न्यायची, परत ठेवायची.

“ताई, या खालच्या फुलाचा रंग माझ्याकडे नाही गं,” ती म्हणाली. “दोनशे छटा आहेत, पण हा नाही.”

“कुठल्या खालच्या?” मी विचारलं.

“हे काय! चेष्टा करतेस का माझी?” आणि तिनं तपकिरी रंगावर बोट ठेवलं.

“कधीपासून दिसतंय तुला हे?”

“झाले की चार-पाच महिने. तू जेवायला गेलीस की मी येऊन बसते कधीकधी. रंग जुळवायला. आता थेंब नसले तरी दिसतं.”

मी तिला दंडाला धरून उठवलं आणि फील्डच्या यंत्राला बसवलं. ती म्हणत होती, अगं हळू, मी काही पळून जात नाही. कागद बाहेर आला. उजवीकडे खाली, लिंबाएवढं काळं. कडा पाकळ्यांसारख्या गोल गोल. मी त्या मोजल्या, पाच होत्या.

“छोटे, इथे तुला काळं दिसतं?”

“काळं कशाला दिसेल? हॉल दिसतो. तुमची काउंटरवाली नखं रंगवतेय.”

मी मान बाहेर काढून बघितलं. काउंटरवाली डाव्या हाताच्या करंगळीवर फुंकर मारत होती.

५

डॉक्टरांनी तिचा डोळा एक तास तपासला. पडदा उत्तम, नस उत्तम, दाब उत्तम. “यंत्र बिघडलं असेल,” ते म्हणाले. दुसऱ्या दवाखान्यातल्या यंत्रावर केलं. तिथल्या कागदावरही तेच काळं आलं, तेवढंच, तिथेच.

मी छोटीला दवाखान्यात पाऊल टाकायला बंदी केली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले आणि चित्रासमोर बसले. म्हटलं, जे काय आहे ते मला दाखव. तिच्यापेक्षा माझे डोळे जुने असतील, पण दोन आहेत, घे हवा तर एक. पाऊण तास बसले. रंग एकमेकांत उतरले, लाल फुगलं, निळं पसरलं, देठ नाहीसे झाले. उजवीकडे खाली तपकिरीच राहिलं. मला ते फूल दिसेना. काहीतरी दिसत नाही म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा रडू आलं.

बंदीचा उपयोग झाला नाही. छोटी घरात होती आणि डाग वाढत होता. आधी सुईत दोरा जाईना. मग पेल्यात पाणी ओतताना टेबलावर सांडायला लागलं. ती घाबरली नव्हती, हे मला जास्त टोचत होतं. एकदा पाणी पुसता पुसता म्हणाली, “आज दवाखान्यात त्या खोकणाऱ्या बाई परत आल्या होत्या ना?” आल्या होत्या.

६

मला एवढंच माहीत आहे की जे मोजता येतं ते आधी मोजावं. मी ठरवलं, मोजायचं.

हॉलमधला तक्ता छोटीला तोंडपाठ आहे. म्हणून मी कपाटातून नवा तक्ता काढला, कंपनीच्या गुंडाळीतला, मी स्वतःही न वाचलेला. डॉक्टर बाहेर गेले होते, हॉल रिकामा होता. फुटपट्टीनं चित्रापासून सहा मीटर मोजले, तिथे चित्राकडे तोंड करून उभी राहिले आणि तक्ता छातीशी उलगडून धरला. मोबाइल कानाशी. पलीकडे छोटी, आमच्या घरी, खिडकीपाशी. मध्ये अर्धं गाव.

“काही दिसतंय?” मी विचारलं.

“तू दिसतेस. तक्ता तिरका धरलायस.”

मी सरळ केला. “वरून सुरू कर.”

तिनं सुरुवात केली. ती एकेक अक्षर सांगत होती आणि मी मान वाकवून, उलटं, तिच्या मागोमाग जुळवत होते. दुसरी ओळ. चौथी ओळ. बावीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघत होतं, “छान, पुढे, घाई नको.” सहाव्या ओळीला चांगले चांगले अडखळतात. ती अडखळली नाही. सगळ्यात खालची ओळ मुंगीएवढ्या अक्षरांची असते. तीही तिनं वाचली.

“अजून खाली काहीतरी बारीक छापलंय,” ती म्हणाली. “छापखान्याचं नाव असेल. वाचू?”

“नको,” मी म्हटलं.

आदल्या दिवशी घरी, चष्मा लावून, तिला वरून दुसरी ओळ जेमतेम वाचता आली होती. मी तक्ता गुंडाळला. गुंडाळताना तो दोनदा हातातून सुटला. तिकडून छोटी म्हणाली, “अगं सावकाश, फाटेल.”

त्या शनिवारी मीच बंदी मोडून तिला परत यंत्रावर बसवलं. ती एकदाही बटण दाबू शकली नाही. कागद कडेपासून कडेपर्यंत काळा आला.

७

आणि चित्र तर सोमवारी जाणार होतं. मला हे महिनाभर आधी सांगितलेलं, पण तेव्हा माझ्या लेखी ते फक्त एक चित्र होतं. कुठलंसं प्रदर्शन होतं. दोन वर्षं ते गावोगाव फिरवणार आणि नंतर प्रदर्शनवाल्यांच्याच गोदामात ठेवणार. डॉक्टरांनी शब्द दिला होता.

सोमवारी दहा वाजता दोन माणसं लाकडी पेटी घेऊन आली. हातमोजे घातलेली, बोलायला गोड. मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन त्यांना सांगत होते, निदान आठवडाभर थांबवा. ते म्हणत होते, “बाई, तुमच्या बहिणीचं ऐकून मलाही वाईट वाटतं. पण त्याचा आणि याचा संबंध काय?” तेवढ्यात माझा मोबाइल वाजला.

“ताई, तुम्ही दिवे का घालवलेत?”

“तू कुठं आहेस?”

“घरी. खिडकीत. ऊन लागतंय अंगाला, पण दिसत काहीच नाही. एकदम अंधार झाला. ताई, काहीतरी तोंडावर आल्यासारखं वाटतंय.”

मी हॉलमध्ये धावले. त्या दोघांनी चित्र खाली उतरवून त्याला काळं कापड गुंडाळलं होतं आणि दोरी आवळत होते. मी त्यांना चक्क ढकललं. पन्नाशी उलटलेली बाई एवढी दांडगी असेल असं त्यांना वाटलं नसावं. दोरी ओढली, कापड फाडलं.

“आलं,” छोटी कानात म्हणाली. तिला धाप लागली होती. “आलं दिसायला. तू आहेस होय. किती जवळ आलीस.”

मी गुडघ्यांवर बसले होते आणि माझ्या तोंडासमोर उजवा खालचा कोपरा होता. तपकिरी. खिशात तपासणीची छोटी बॅटरी होती. आपण काय करतोय हे कळायच्या आत मी ती काढली आणि पेशंटच्या डोळ्यावर मारते तशी, बाजूनं आणून, त्या तपकिरीवर मारली.

तिथे एक काळा ठिपका होता. मोहरीएवढा. उजेड पडल्याबरोबर तो आकसला. मी बॅटरी बाजूला नेली, तो सावकाश मोठा झाला. परत आणली, परत आकसला.

हे मी दिवसातून चाळीस वेळा बघते. जिवंत डोळा असाच वागतो.

“अगं, डोळ्यावर नको ना मारूस,” मोबाइलमधून छोटी कुरकुरली.

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते. ती दोन माणसं त्यांच्याकडे तक्रार करत होती. मी उठले. पदर सरळ केला आणि म्हटलं, “डॉक्टर, हे चित्र कुठल्या पेटीत जाणार नाही. ते माझ्या घरी जाणार.”

“बाई, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.”

“बावीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. आता मागत नाहीये, सांगतेय.” मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. “त्या भिंतीपाशी उभे राहा, आणि तिला विचारा तुम्ही कसे दिसताय.”

मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर ते समजुतीचं हसू होतं, पेशंटला कटू बातमी द्यायच्या आधी असतं ते. मग ते ऐकत राहिले. हसू गेलं. एक हात हळूहळू वर गेला आणि त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मोबाइल मला परत देताना माझ्याकडे बघितलं नाही.

तिनं काय सांगितलं, ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. प्रदर्शनवाल्यांना मात्र त्यांनीच परत पाठवलं.

८

चित्र मी चालत नेलं. टेम्पो नको म्हटलं, टेम्पोत अंधार असतो. दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, फुलं पुढे, आणि रस्त्यानं निघाले. चित्र एवढं रुंद की माझे पाय मला दिसेनात. मोबाइल खांद्यात दाबलेला, आणि छोटी घरून रस्ता सांगत होती.

“डावीकडे हो, खड्डा आहे. थांब, सायकल येतेय. आता चल.”

लोक वळून वळून बघत होते. मला त्याचं काही नव्हतं. उलट खरं सांगते, मला आनंद झाला होता. तिला दिसत होतं. रस्ता दिसत होता, झाडं दिसत होती, ती माणसांच्या कपड्यांचे रंग सांगत होती. मी म्हटलं ना, तो डोळा जाऊ द्यायचा नाही. नव्हता जाऊ दिला.

आमच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर मी ते लावलं. आता छोटी त्याच्यासमोर खुर्चीत बसते. भरतकामाची रिंग छातीशी धरते, कापडाची सुलट बाजू चित्राकडे, आणि मागून सुई घालते. टाका बघते ती भिंतीवरून. सुरुवातीला बोटांना खूप टोचलं. पंधरा दिवसांत हात बसला. पहिल्यापेक्षा बारीक टाका येतो. ज्या रंगाची लडी तिला सापडत नव्हती ती आता शोधत नाही, मीही विचारत नाही. चित्रावर मी कधी फडकं टाकत नाही. खिडकी उघडी ठेवते.

दीड महिना सगळं ठीक चाललं. मग मी हाक मारली की ती मान वळवेनाशी झाली. म्हटलं, वळवून करणार काय, तिकडून दिसतेच आहे मी. जेवताना घास तोंडाशी नेऊन थांबायची. म्हटलं, अंतराचा अंदाज चुकत असेल. मला प्रत्येक गोष्टीला कारण सापडायचं, तो माझा धंदाच आहे.

परवा दुपारी मी तिच्या शेजारी बसून दोरे गुंडाळत होते. ती म्हणाली, “फार वाकून बसते ती. मान धरेल.”

“कोण?”

“ती.”

मी हसले. “ती कोण, बाई? घरात दोघीच तर आहोत आपण.”

“ती गं. तुझ्या शेजारची.” छोटीचे ओठ हलत होते, पण बाकी चेहऱ्यावर काही नव्हतं. डोळे उघडे होते आणि कशावरही टेकलेले नव्हते. “दिवसभर टाके घालत असते. तू तिचे केस विंचरतेस. ताई, कोण आहे गं ती?”

मी तिचा हात धरला. सुईच्या टोचण्यांनी भरलेला, गरम हात. बोट जोरात दाबलं, दुखेल इतकं.

“हे लागलं का?”

“मला काय लागायचंय?” ती म्हणाली. “तिला का दाबतेस?”

रडू आलं ते मी गिळलं. रडायला वेळ आहे पुढे. मी खुर्ची वळवली, तिचा हात माझ्या मांडीवर घेतला, चित्राकडे तोंड केलं आणि उजव्या खालच्या कोपऱ्याशी, स्पष्ट आवाजात, तक्त्यावरची अक्षरं सांगावीत तसं सांगितलं, “ही छोटी. माझी बहीण. हा तिचा हात. म्हणजे तुझा.”

भिंतीवरून काही आलं नाही. माझ्या शेजारी छोटी म्हणाली, “बरं.” ओळख करून दिलेल्या पाहुण्याला म्हणावं, तसं.

आता रोज सकाळी, चहाच्या आधी, मी तिचा हात धरून चित्रासमोर बसते आणि तेच सांगते. रोज ती बरं म्हणते आणि रोज दुपारी परत विचारते, ती कोण. मी सांगायचं सोडणार नाही. आजही विचारलं, आजही सांगितलं.